अरणगावची उसनी गाणी

७ फेब्रुवारी १९६९. नगर-दौंड रस्त्यावरचं अरणगाव, गावाबाहेरची बोडकी टेकडी, दुपारचे सव्वाबारा. गेला आठवडाभर उघडी असलेली मेहेरबाबांची समाधी या घटकेला बंद झाली. ३१ जानेवारीला नगरच्या दुसऱ्या अंगाला, पिंपळगावजवळच्या मेहेराझादमध्ये त्यांनी देह ठेवला होता. तेव्हाही घड्याळात सव्वाबाराच वाजले होते. त्याच संध्याकाळी देह अरणगावला आणला आणि सात दिवस टेकडीवर माणसांची रीघ लागली. सातवा दिवस निवडण्यालाही कारण होतं. झरथुष्ट्री पंचांगाप्रमाणे त्या वर्षी तो बाबांचा जन्मदिवस होता.

समाधीजवळ आरत्या होणार, प्रार्थना होणार, हे कुणालाही कळेल. पण त्या दिवसांत तिथे एक इंग्रजी रेकॉर्डही वाजली, आणि ती वाजावी ही बाबांचीच इच्छा होती. गाण्याचं नाव ‘बिगिन द बिगीन’. त्यात देव नाही, गुरू नाही, मोक्ष नाही. एक नृत्याची लय सुरू होते आणि तिच्यासोबत एका जुन्या प्रेमाची आठवण परत येते, एवढाच त्याचा विषय. नगर तालुक्यातल्या एका समाधीपाशी हे गाणं कसं पोहोचलं आणि तिथून पुढे कुठे कुठे गेलं, याचा माग काढायचा तर सांगोवांगीच्या कथा बाजूला ठेवून पत्रं, रेकॉर्डची वेष्टनं, छापील लेख आणि तारखा यांच्याच आधाराने जावं लागतं. सुदैवाने हा ऐवज भरपूर आहे.

आधी गाण्याचं कूळ. ‘बिगीन’ हा कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वाडलूप या बेटांवरचा नाच. ही बेटं फ्रेंचांच्या ताब्यातली, म्हणून १९३०च्या आसपास हा नाच पॅरिसच्या नृत्यगृहांत पोहोचला. अमेरिकी संगीतकार कोल पोर्टर याने त्या लयीवर गाणं बांधलं आणि ते १९३५ साली ‘ज्युबिली’ या संगीत नाटकात आलं. नाटकात त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९३८ मध्ये आर्टी शॉच्या वाद्यवृंदाने ते नुसतं वाद्यांवर वाजवलं आणि मग ते घरोघरी गेलं. त्या काळी अमेरिकेत लोकप्रिय गाणं साधारण बत्तीस मात्राखंडांत आटोपत असे. पोर्टरचं हे गाणं संपायला तब्बल १०८ खंड लागतात. जपमाळेत मणीही तेवढेच असतात. श्रद्धावानाला यात संकेत दिसेल. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र तो योगायोग म्हणून नोंदवावा आणि पुढे जावं, कारण पोर्टरने माळ ओढल्याचा कुठलाही पुरावा नाही.

आता टेकडीचं कूळ. मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच पुढचे मेहेरबाबा, यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४चा, पुण्याचा. डेक्कन कॉलेजात शिकत असताना हजरत बाबाजानची गाठ पडली आणि आयुष्याची दिशा पालटली. पुढे शिर्डीच्या साईबाबांचं दर्शन आणि साकोरीच्या उपासनी महाराजांचा सहवास घडला. म्हणजे गुरुपरंपरेचा मोठा भाग याच जिल्ह्यातला. १९२३ मध्ये ते अरणगावला आले. पहिल्या महायुद्धातली लष्करी छावणी उठून गेल्यावर काही पडीक इमारती आणि टेकडीवरची पाण्याची टाकी तेवढी मागे उरली होती. तिथे वसलेल्या मेहेराबाद आश्रमाच्या मधून दौंड-मनमाड रेल्वेचा रूळ जातो. रुळाच्या एका बाजूला खालचं मेहेराबाद, दुसऱ्या बाजूला वरचं. १० जुलै १९२५ रोजी इथेच त्यांनी मौन धरलं आणि शेवटपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षं, ते सुटलं नाही. आधी अक्षरफलकावर बोट फिरवून ते बोलत. ऑक्टोबर १९५४ मध्ये तो फलकही सोडला आणि नुसत्या हातांच्या खुणा उरल्या. त्या खुणांचे शब्द करण्याचं काम एरच जस्सावाला यांच्याकडे आलं.

या मौनी माणसाला गाण्याची मात्र जबर ओढ होती. तरुणपणी ‘हुमा’ या नावाने ते गझला लिहीत. त्यांनी रचलेली गुजराती आरती समाधीपाशी आजही म्हटली जाते. मेहेराझादमध्ये कव्वाली ऐकली जाई, विलायती रेकॉर्डही लागत. बाबांची बहीण मणी १९५६ ते १९६९ या काळात पाश्चात्त्य अनुयायांना सामूहिक पत्रं पाठवत असत. तशी ब्याऐंशी पत्रं १९७६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कुणाची प्रकृती कशी आहे, कोण येऊन गेलं, बाबा कशावर हसले, असा घरगुती मजकूर. पुढे काय प्रसिद्ध होणार आहे याची कल्पना नसताना लिहिलेला मजकूर म्हणूनच त्याचं साक्षीमूल्य मोठं. नंतरच्या आठवणींवर कीर्तीचा मुलामा बसतो. चालू पत्रात तो नसतो.

इथून गाणं इंग्लंडला जातं. पीट टाउनशेंड हा ‘द हू’ या रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक आणि गीतकार. १९४५चा जन्म, लंडनचा. मंचावर गिटार आपटून फोडण्यासाठी प्रसिद्ध. १९६७ मध्ये माइक मॅकइनर्नी या चित्रकार मित्राने त्याला चार्ल्स पर्डम यांनी लिहिलेलं मेहेरबाबांचं चरित्र दाखवलं. तो काळ एलएसडीचा होता आणि बाबांनी अशा गोळ्यांनी देव भेटत नाही असं बजावलं होतं. ते म्हणणं ‘गॉड इन अ पिल?’ या पत्रकातून अमेरिका-इंग्लंडच्या तरुणांपर्यंत पोहोचलं होतं. टाउनशेंडला हा माणूस पटला. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

पहिला छापील पुरावा मे १९६९चा. ‘टॉमी’ हा दोन तबकड्यांचा संच निघाला. आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची गाण्यांतून सांगितलेली ही कथा. वेष्टनावरचं चित्र मॅकइनर्नीचं आणि श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचं नाव. ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा बाबा हयात होते. संच दुकानात आला तेव्हा अरणगावची समाधी बंद होऊन तीन-साडेतीन महिने लोटले होते.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये, बाबांच्या जन्मदिवसाच्या निमित्ताने, लंडनच्या अनुयायांनी ‘हॅप्पी बर्थडे’ नावाची तबकडी खासगीरीत्या काढली. प्रती अडीच हजार. टाउनशेंडच्या स्वतःच्या रचना तिच्यात होत्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘डे ऑफ सायलेन्स’, म्हणजे बाबाप्रेमी १० जुलैला पाळतात तो मौनदिन. आणि त्यांच्या शेजारी होतं ‘बिगिन द बिगीन’. बंडखोर म्हणून गाजलेला पंचविशीचा रॉकवाला आपल्या आईबापांच्या जमान्यातलं नाचाचं गाणं गातो, कारण तिकडे दूर एका माळरानावर कुणाला तरी ते आवडत होतं. तबकडी विकून नाव कमवायचं नव्हतं, आणि जिच्यासाठी ती काढली ती व्यक्तीही आता ऐकायला नव्हती. गुरूच्या फोटोसमोर त्याचं आवडतं पक्वान्न ठेवतात, तसा हा नैवेद्य.

त्याच तबकडीवर ‘स्मॉल फेसेस’ या वाद्यवृंदातल्या रॉनी लेनचं ‘इव्होल्यूशन’ आहे. जीव दगडापासून सुरुवात करून वनस्पती, किडा, मासा, पक्षी, प्राणी असा प्रवास करत माणसापर्यंत येतो, हे बाबांच्या १९५५ साली निघालेल्या ‘गॉड स्पीक्स’ या ग्रंथातलं प्रतिपादन. लेनने ते इंग्रजी लोकगीताच्या ढंगात, हसतखेळत मांडलं. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला त्यात नवल वाटणार नाही. पण लंडनच्या कामकरी वस्तीतल्या पोराने तो गिटारवर घ्यावा, हे त्या काळाचं नवल होतं.

नोव्हेंबर १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकात टाउनशेंडचा ‘इन लव्ह विथ मेहेरबाबा’ हा लेख आला. १९७२ च्या आरंभी तो स्वतः भारतात येऊन समाधीचं दर्शन घेऊन गेला. त्याच वर्षी ‘आय अ‍ॅम’ ही दुसरी खासगी तबकडी निघाली. तिच्यात ‘परवरदिगार’ होतं. बाबांनी १९५३ मध्ये इंग्रजीत एक प्रार्थना सांगितली होती. परब्रह्म, अल्ला, अहुरमज्द ही नावं तीत एकाच दमात येतात. टाउनशेंडने ती गाण्याच्या मापात बसवून चाल लावली. खासगी तबकड्यांच्या चोरट्या नकला अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्याने १९७२च्या अखेरीस ‘हू केम फर्स्ट’ हा रीतसर संच काढला. त्यातही एक उसनं गाणं आहे: ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’. मूळ आवाज जिम रीव्हजचा; टेक्सासचा मऊ गळ्याचा गायक, जो भारतात आणि आयर्लंडमध्ये सारखाच लाडका होता आणि १९६४ मध्ये विमान कोसळून गेला. टाउनशेंडने हे गाणं घेण्याचं कारण परत तेच, ते बाबांच्या आवडीचं होतं. रॉकच्या पोरांना रीव्हज म्हणजे काकामामांचं संगीत. तरी घेतलं.

आता या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत गोंधळाच्या नावाकडे येऊ: ‘बाबा ओ’रायली’. ‘द हू’च्या १९७१ सालच्या ‘हूज नेक्स्ट’ या संचातलं पहिलं गाणं. नाव ऐकून एखादा आयरिश म्हातारा डोळ्यांपुढे येतो. तसं कुणी नाही. ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा आणि ‘रायली’ म्हणजे टेरी रायली हा कॅलिफोर्नियाचा संगीतकार. ‘ओ’ लावून त्याला आयरिश थाट दिला, इतकंच. हा रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला होता आणि प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे, किराणा घराण्याचे. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ, कुंदगोळचे सवाई गंधर्व, पुण्याचे भीमसेन जोशी यांचं हेच घराणं. म्हणजे आयरिश भासणाऱ्या या नावाचा उत्तरार्ध चाचपून पाहिला तर हाताला तानपुरा लागतो.

या गाण्याबद्दल एक आख्यायिका कायम सांगितली जाते: मेहेरबाबांच्या आयुष्यातले आकडे यंत्रात भरले आणि यंत्राने ती सुरुवातीची झिणझिणती सुरावट काढली. आख्यायिकेचं मूळ खरं आहे. ‘लाइफहाउस’ नावाच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रकल्पात माणसाच्या माहितीवरून संगीत घडवायची कल्पना टाउनशेंडच्या डोक्यात होती. पण रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर हाताने वाजवलेलं आहे. त्या ऑर्गनला एक खटका होता. तो दाबून पट्टीवर बोट ठेवलं की सूर सलग न वाजता मरिंब्यावर काठ्या पडाव्यात तसा तुटक तुटक, भराभर उमटे. सुरांची निवड माणसाची, तुकडे पाडणं यंत्राचं. कल्पना आणि कृती यांतलं हे अंतर पुसलं की भाकडकथा तयार होते, आणि ती खऱ्या गोष्टीपेक्षा नेहमीच जास्त खपते.

असंच अंतर पुसल्याचं याहून मोठं उदाहरण १९८८चं. बॉबी मॅकफेरिन हा अमेरिकी गायक सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘टक अँड पॅटी’ या गायक-वादक जोडप्याच्या घरी गेला होता. भिंतीवर मेहेरबाबांचं पोस्टर, खाली चार शब्द: डोन्ट वरी, बी हॅप्पी. बाबा हे वाक्य वारंवार कळवत, आणि साठच्या दशकात ते छापील कार्डांवरून पश्चिमेत पसरलं होतं. मॅकफेरिनने त्यावर गाणं केलं. वाद्य एकही नाही. शीळ, ओठ, छाती आणि गळा यांचे आवाज एकावर एक चढवलेले, बोलण्याला कॅरिबियन हेल, ठेका रेगेच्या शेजारपाजारचा. सप्टेंबर १९८८ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. नुसत्या मानवी आवाजाचं गाणं तिथवर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

आज मात्र हे गाणं जमैकाच्या बॉब मार्लीचं म्हणून सांगणारे पैशाला पासरी भेटतात. तारखा लावल्या की प्रश्न तिथेच मिटतो. मार्ली ११ मे १९८१ रोजी गेला, गाणं सात वर्षांनी आलं. गोंधळाची कारणंही दिसतात: तो कॅरिबियन हेल, आणि १९७७ मधलं मार्लीचं ‘थ्री लिटल बर्ड्स’, ज्याचा दिलासा साधारण याच जातीचा. चुकीच्या नावाच्या फायली घरोघरी गेल्या आणि मेहेराझादचं वाक्य जमैकाच्या खात्यावर चढलं. १९३५चा बिगीन खरोखर कॅरिबियन बेटांवरून अरणगावला आला होता. अरणगावचं वाक्य पन्नास-एक वर्षांनी त्याच समुद्रावर परत गेलं, तेही खोट्या पत्त्यावर.

जमैकाचा विषय निघालाच आहे तर शिनेड ओ’कॉनर या आयरिश गायिकेला टाउनशेंडच्या शेजारी उभं करून पाहण्याजोगं आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये टाउनशेंडच्या गाण्यांचा जो सोहळा झाला, त्यात तीही होती. २००५ मध्ये ती किंग्स्टनला गेली, स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर या जमैकन जोडीला साथीला घेतलं आणि बर्निंग स्पिअर, पीटर टॉश, मार्ली यांची रेगे गाणी गाऊन ‘थ्रो डाउन युअर आर्म्स’ हा संच काढला. दोन वर्षांनी ‘थिऑलॉजी’ आला, बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्रांवर आणि संदेष्ट्यांच्या वचनांवर आधारलेला. हिनेही उसनीच गाणी घेतली आणि भक्तीसाठीच घेतली. पण तिने निवडलेली रेगे गाणी मुळातच रास्ताफारी पंथाची, बायबलच्या शब्दांवर पोसलेली होती. भक्तिगीत घेऊन तिने भक्तिगीतच गायलं. टाउनशेंडची गोष्ट उलटी. त्याच्या हाती आलेलं नाचाचं गाणं आणि विरहाचं गाणं यांच्या शब्दांत देवाचा मागमूस नाही. मग ती भक्तिगीतं झाली कशी?

उत्तर शोधायला लांब जायला नको. नगर जिल्ह्याला चाल आणि श्रद्धा यांची देवघेव नवी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ ओवीत लिहिला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला राहून येशूवर अभंग रचत होते आणि विलायती वळणाच्या प्रार्थनेत भजन-कीर्तन आणत होते. गावोगावची भजनी मंडळं तर सिनेमाच्या चालीवर विठ्ठल खुशाल म्हणतात. म्हाताऱ्यांपैकी एखादा विचारतो, “चाल कुठली?” आणि पेटीवाला सांगून मोकळा होतो. चाल उसनी आहे हे कुणी लपवत नाही, कारण भजन चालीने ठरत नाही. पण या सगळ्या उदाहरणांत शब्द तरी नवे, देवाचे असतात. ‘बिगिन द बिगीन’मध्ये शब्दही जुनेच राहिले. बदलला तो फक्त श्रोता.

कागदपत्रांची संगती लावली की हेच हाती येतं. पत्रं, वेष्टनं, लेख यांतून पुढे येतात ती नावं गायकांची, पण त्यांच्या निवडीमागचं कारण दर वेळी ऐकणाऱ्याकडे बोट दाखवतं. पोर्टरने ते गाणं नाटकासाठी लिहिलं, रीव्हजने बाजारासाठी गायलं. मेहेराझादच्या खोलीत एका मौनी माणसाने ती कान देऊन ऐकली, एवढंच घडलं. त्याने टाउनशेंडला रॉक सोडायला सांगितलं नाही, त्याच्याकडून भक्तिसंगीत मागवलं नाही. त्याची आवड मात्र पत्रांतून, आठवणींतून त्याला कधीही न पाहिलेल्या माणसांपर्यंत गेली आणि त्यांच्या लेखी त्या जुन्या प्रेमगीताचा ‘तू’ बदलला. आपल्याकडे कीर्तनकार उभा राहिला की आधी श्रोत्यांना वंदन करतो. तो नुसता शिष्टाचार आहे असं मी आजवर समजत होतो.

अमरतिथीला, दर ३१ जानेवारीला, अरणगावच्या टेकडीवर हजारो माणसं जमतात. मांडवात आधी गाणी चालू असतात: मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी. बारा वाजता ती थांबतात. पुढची पंधरा मिनिटं, सव्वाबारापर्यंत, एवढा जनसमुदाय गप्प बसून राहतो. खालच्या रुळावरून एखादी गाडी त्या वेळात गेली तर तिचा खडखडाट तेवढा वरपर्यंत येतो.